छोट्या विद्यापीठात खेळांचा पैसा आणि मैदान कसं वाटलं जातं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या एका छोट्या विद्यापीठात मी बावीस वर्षं क्रीडा अधिकारी होते. निवृत्त झाले तरी रामबागेतून, लोकमान्यनगरातून, सुदामानगरातून मुलं आणि त्यांचे आईवडील अजून विचारायला येतात. बहुतेकांची खंत एकच असते : आमच्या संघाला काही मिळत नाही. त्यातल्या काहींचं म्हणणं अगदी खरं असतं, तर काहींना वाटणीची रीतच ठाऊक नसते. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे. आपलं विद्यापीठ मोठं असेल, वसतिगृह आणि चार मैदानं असतील, तर यातलं सगळंच तुम्हाला लागू पडणार नाही. हे लिहिलं आहे एक मैदान, एक हॉल आणि चौदा-पंधरा संघ असलेल्या ठिकाणासाठी.

खेळांसाठी पैसा येतो कुठून?

मुख्यतः तुमच्याच फीमधून. प्रवेशाच्या पावतीवर ‘क्रीडा शुल्क’ अशी वेगळी ओळ असते. ती पावती जपून ठेवा, पुढे लागेल. संलग्न महाविद्यालयं असतील तर त्यांनी गोळा केलेल्या शुल्कातला ठरलेला हिस्सा विद्यापीठाकडे जमा होतो. कधी ट्रॅकसाठी, हॉलसाठी सरकारी अनुदान येतं, पण ते त्याच कामावर खर्च करावं लागतं. ‘एवढा मोठा हॉल बांधला आणि मुलांना निकॅप द्यायला पैसे नाहीत?’ असं पालक चिडून विचारतात. त्यांचा राग मला समजतो, पण हॉलच्या पैशातून निकॅप घेतली तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो.

तिसरा मार्ग देणगीचा. कंपन्यांनी सामाजिक दायित्व म्हणून कशावर खर्च करावा याची यादी कंपनी कायदा २०१३ मध्ये आहे; तीत ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यता असलेले खेळ, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळ यांच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. पीथमपूरसारखा औद्योगिक पट्टा हाकेच्या अंतरावर असताना इंदूरच्या छोट्या विद्यापीठांनी हे दार पुरेसं ठोठावलेलं नाही, असं माझं मत आहे.

वाटणी कोण करतं?

क्रीडा समिती. अध्यक्ष म्हणून कुलगुरू किंवा त्यांनी नेमलेले कुणी असतात. (मध्यप्रदेशात २०२४ मध्ये सरकारी कागदावरचं ‘कुलपति’ जाऊन ‘कुलगुरु’ आलं, आपल्या मराठी घरांत तो शब्द आधीपासूनच होता.) सोबत कुलसचिव, वित्त विभागाचा माणूस, क्रीडा अधिकारी आणि दोन-तीन प्राध्यापक. खेळणारं पोर मात्र त्या टेबलावर बहुधा नसतं. समितीत किमान दोन खेळाडू हवेत आणि त्यातली एक मुलगी हवी, असं मी दर वर्षी लेखी मांडत आले. शेवटच्या सहा वर्षांत ते मान्य झालं आणि बैठका लांबल्या. पण ‘व्हॉलीबॉलच्या नेटची दोरी तुटली आहे, आम्ही सुतळीने बांधून खेळतो’ हे आम्हाला पहिल्यांदा कळलं ते अशाच एका लांबलेल्या बैठकीत.

सगळ्या संघांना सारखा वाटा का देत नाहीत?

कारण सारखा वाटा म्हणजे न्याय्य वाटा नव्हे. टेबल टेनिसच्या संघात पाच जण असतात, हॉकीच्या संघात अठरा. दोघांना पन्नास-पन्नास हजार दिले तर एकाकडे पैसे उरतील आणि दुसऱ्याचा गोलकीपर पॅडशिवाय उभा राहील. गोलकीपरचं सामान हा हॉकीतला सगळ्यात महागडा खर्च आहे आणि तो टाळताच येत नाही, कारण तिथे प्रश्न मुलाच्या जिवाचा असतो.

हिशेब समजावा म्हणून एक उदाहरण घेऊ. आकडे कल्पित आहेत, पण रीत हीच. समजा २,४०० विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकी ४०० रुपये क्रीडा शुल्क. झाले ९,६०,००० रुपये. यातले ९६,००० आधी बाजूला काढायचे, अडीअडचणीसाठी. मग सगळ्यांचा मिळून होणारा खर्च : मैदानाची देखभाल, फक्की, प्रथमोपचार, पंचांचं मानधन, विजेचं बिल, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. त्याला २,६४,००० धरू. उरले ६,००,०००, हे खरे संघांचे पैसे.

आता या सहा लाखांचे तीन भाग करायचे. पहिला भाग किमान गरजेचा. सगळ्या संघांत मिळून १६० खेळाडू असतील तर दरडोई १,५०० रुपयांप्रमाणे २,४०,००० गणवेश आणि साहित्याला जातात. हा भाग कुणाच्याही निकालावर अवलंबून नसतो. मागच्या वर्षी पहिल्याच फेरीत हरलेल्या संघालाही तो मिळालाच पाहिजे. दुसरा भाग प्रवासाचा, २,६०,०००, आणि तो संघवार न वाटता एकत्र ठेवायचा. तिसरा भाग १,००,००० रुपयांचा, कामगिरी आणि मेहनत पाहून देण्याचा.

बहुतेक ठिकाणी भांडण होतं ते हा क्रम उलटा केल्यामुळे. आधी जिंकणाऱ्यांना द्यायचं आणि उरेल त्यात बाकीच्यांचं भागवायचं, असं सुरू झालं की दोन वर्षांत अर्धे संघ फक्त कागदावर राहतात.

दरडोई आकडा मात्र डोळे झाकून लावू नका. कबड्डीच्या खेळाडूला बनियन, चड्डी, निकॅप आणि बूट लागतात. तलवारबाजीच्या खेळाडूला मुखवटा आणि संरक्षक जाकीट नसेल तर त्याला खेळायला उभंच करता येत नाही. म्हणून दरडोई रकमेच्या आधी ‘सुरक्षेचं सामान’ असा रकाना हवा, आणि तो भरल्याशिवाय बाकीची वाटणी सुरूच करायची नाही.

क्रिकेटलाच सगळं का मिळतं?

इंदूरमध्ये हा प्रश्न विचारणं सोपं नाही. होळकरांच्या संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. भारताचे पहिले कसोटी कर्णधार कर्नल सी. के. नायडू होळकरांच्याच सेवेत होते. परदेशात कसोटी शतक करणारे पहिले भारतीय मुश्ताक अली इंदूरचे. आणि जून २०२२ मध्ये चंद्रकांत पंडितांच्या मार्गदर्शनाखाली मध्यप्रदेशाने मुंबईला हरवून पहिला रणजी करंडक आणला, तेव्हा आमच्या गल्लीत रात्री फटाके वाजले. या शहराला क्रिकेटचा अभिमान आहे आणि तो असलाच पाहिजे.

पण विद्यापीठाच्या हिशेबात क्रिकेटचा मोठा खर्च पैशाचा नसतोच, तो जागेचा असतो. लेदरचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा. तो मैदानात असेपर्यंत त्याच मैदानाच्या कडेने लांब उडीची मुलगी धावू शकत नाही, खो-खोचा संघ पाठ करून बसू शकत नाही. एक संघ सराव करतो आणि पाच संघ बाहेर थांबतात. हा खर्च कुठल्याच वहीत लिहिला जात नाही, म्हणून तो कुणाला दिसत नाही.

यावर आम्ही काढलेला तोडगा साधा होता. मैदानाच्या एका कोपऱ्यात तिन्ही बाजूंनी आणि वरूनही जाळी लावून नेट बांधलं. क्रिकेटचा रोजचा सराव तिथे आणि संपूर्ण मैदान आठवड्यातून दोनच दिवस, तेही सकाळी. पहिल्या वर्षी मुलं नाराज झाली. दुसऱ्या वर्षी त्यांच्या कप्तानानेच सांगितलं की नेटमध्ये प्रत्येकाला फलंदाजी जास्त मिळते.

जो संघ पदक आणतो त्याला जास्त द्यायला नको का?

द्यावं, पण किमान गरज सगळ्यांची भागल्यावर. यातली एक मेख पालकांना सहसा माहीत नसते. विद्यापीठाच्या मूल्यांकनात खेळातली पदकं मोजली जातात. विद्यापीठांच्या खेळांतल्या एकूण कामगिरीवर मौलाना अबुल कलाम आझाद करंडकही दिला जातो, ज्यावर अमृतसरचं गुरू नानक देव विद्यापीठ, पतियाळाचं पंजाबी विद्यापीठ, चंडीगडचं पंजाब विद्यापीठ ही नावं पुन्हापुन्हा दिसतात. मोजणी पदकांची असली की व्यवस्थापनाचं लक्ष आपोआप वैयक्तिक खेळांकडे वळतं. एका कुस्तीगिराला किंवा नेमबाजाला पाठवायचं तर दोन तिकिटं लागतात आणि पदकाची शक्यता असते. अठरा जणांचा हॉकीसंघ पाठवला तर खर्च दहापट, आणि मिळालं तरी पदक एकच मोजलं जाणार.

हा हिशेब कागदावर बरोबर दिसतो. तरी मी त्याच्या विरोधात आहे. विद्यापीठातला खेळ फक्त पदकासाठी नसतो; अठरा मुलं दोन महिने पहाटे उठून एकत्र पळतात, यालाही मोल आहे. ज्या कुस्तीगिराला पदक मिळतं तो तर बहुतेक वेळा आपल्या आखाड्यात, आपल्या उस्तादाच्या हाताखाली तयार होऊन आलेला असतो. विद्यापीठाने त्याला तिकीट आणि जर्सी दिलेली असते. श्रेय घ्यावं, पण तेवढंच घ्यावं.

कामगिरीच्या भागासाठी आम्ही निकालाबरोबर आणखी दोन गोष्टी धरत होतो : सरावाची हजेरी, आणि संघात पहिल्या वर्षाची मुलं किती आहेत. ज्या संघात सगळे शेवटच्या वर्षाचे असतील तो पुढच्या जूनमध्ये रिकामा होणार असतो.

मैदान एकच आहे. वेळ कशी वाटायची?

इथे जरा थांबून वाचा, कारण माझ्या अनुभवात पैशापेक्षा मैदानाचा एक तास जास्त महाग असतो.

आधी जागेचा अंदाज घेऊ. फुटबॉलचं मैदान १०५ मीटर बाय ६८ मीटर, म्हणजे ७,१४० चौरस मीटर. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १०, म्हणजे १३० चौरस मीटर. एका फुटबॉल मैदानाच्या जागेत कबड्डीची पन्नासहून अधिक मैदानं मावतात. खो-खोला २७ बाय १६ मीटर पुरतात, व्हॉलीबॉलला १८ बाय ९. म्हणून लहान जागेच्या खेळांना कडेची पट्टी कायमची आखून द्यावी आणि त्यांना वेळापत्रकाच्या भांडणातून सोडवावं. ज्याला मोठं मैदान लागतं त्यांच्यातच पाळ्या लावाव्यात.

दुसरी गोष्ट आपल्या मातीची. माळव्याची काळी माती जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत ओली असते. बुटाला चिकटते, पाय जड होतो. आणि ओल्या मैदानावर एक दिवस हट्टाने खेळलं की पावलांचे खड्डे तसेच वाळतात. मग ऑक्टोबरात, ऐन हंगामात, त्याच कडक खड्ड्यांत घोटे मुरगळतात. आमचे मैदान सांभाळणारे काका रोज दुपारी तीन वाजता मैदानाच्या मधोमध जाऊन टाच रोवून पाहायचे. टाचेभोवती पाणी दिसलं की त्या दिवशी मैदान बंद. कुलगुरूंचा फोन आला तरी बंद. हा अधिकार त्यांना लेखी दिला होता. असा अधिकार मैदानावरच्याच माणसाकडे हवा, कचेरीत बसून माती कळत नाही.

तिसरी गोष्ट उजेडाची. जूनमध्ये इंदुरात सात वाजून गेले तरी उजेड असतो. डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. वर्षभर एकच वेळापत्रक चालवलं तर हिवाळ्यात शेवटची पाळी अंधारात जाते, आणि ती पाळी दर वेळी दुबळ्या संघाच्या वाट्याला आलेली असते. आम्ही संध्याकाळच्या पाळ्या दर पंधरा दिवसांनी फिरवायचो. ज्या संघाची स्पर्धा एकवीस दिवसांच्या आत असेल त्याला पहिली पसंती. स्पर्धा संपली की तो रांगेच्या शेवटी. या एका नियमावर बावीस वर्षांत फारसं कुणी भांडलं नाही, कारण प्रत्येकाची पाळी खरोखर येत होती.

मुलींच्या संघांना नेहमी चार वाजताचीच, उन्हाची पाळी का मिळते?

‘त्यांना अंधाराआधी घरी पोचायचं असतं’ असं कारण देतात. काळजी खरी असते. पण त्या काळजीची किंमत मुलींनीच का मोजायची? एप्रिलमध्ये चार वाजता जमीन तापलेली असते. खो-खोच्या मुली त्या जमिनीवर उकिडव्या बसतात, तळहात टेकवतात. योग्य उपाय म्हणजे त्यांनाही फिरती पाळी द्यायची आणि सात वाजता विद्यापीठाची बस राजवाड्यापर्यंत सोडायची. आम्ही ती मागितली, दोन वर्षांनी मिळाली. त्या वर्षी मुलींची हजेरी वाढली आणि पालकांचे फोन थांबले.

आता माझी एक चूक सांगते. मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीची किल्ली कचेरीत एका खिळ्याला टांगलेली असायची. कचेरी पाचला बंद. पाचनंतर सराव करणाऱ्या मुली सरावाच्या कपड्यांवरच सलवार चढवून घामाने भिजलेल्या घरी जायच्या, आणि सरावाच्या वेळात त्यांना स्वच्छतागृहही नसायचं. काहीजणी म्हणून दुपारपासून पाणीच प्यायच्या नाहीत. एका मुलीला चक्कर आली तेव्हा मला हे कळलं. मी स्वतः खेळाडू, स्वतः बाई, आणि चार वर्षं माझ्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जादा किल्ली करून कर्णधार मुलीच्या हातात दिली. कुठल्याही अंदाजपत्रकाची गरज पडली नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून वाटणी तपासताना नुसते रुपये पाहू नका. कोणाला कोणती वेळ, कोणती खोली, कोणाच्या मापाचा गणवेश हेही विचारा. मुलांसाठी मागवलेल्या जर्सीतल्या उरलेल्या मुलींना देणं अजून चालू आहे. खांद्यावरून घसरणारी जर्सी घालून झटकन दिशा बदलता येत नाही.

अमेरिकेत १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यानंतर विद्यापीठांना याच गोष्टी एकेक करून तपासाव्या लागतात : साहित्य, सरावाच्या वेळा, प्रवास, प्रशिक्षक, कपडे बदलायच्या खोल्या. प्रत्येक संघावर सारखाच खर्च करा असं तो कायदा म्हणत नाही, पण मुलींना एकूण मिळणारी वागणूक कमी दर्जाची नको, असं म्हणतो. ही यादी आपणही वापरावी. त्यासाठी कायदा येण्याची वाट पाहायला नको.

खो-खो, मल्लखांब हे आपले खेळ. त्यांना वेगळं माप लावावं का?

मी स्वतः खो-खोची, म्हणून हे उत्तर जपून देते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताच्या दोन्ही संघांनी, मुलींनी आणि मुलांनी, तो जिंकला. मल्लखांब २०१३ पासून मध्यप्रदेशाचा राज्यखेळ आहे आणि उज्जैनच्या योगेश मालवीयांना २०२० मध्ये मल्लखांबाच्या प्रशिक्षणासाठी द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. या खेळांवर ‘आपले’ म्हणून दया करायची गरज नाही.

पण त्यांची गरज खरेदीच्या नियमांत बसत नाही, ही अडचण खरी आहे. मल्लखांबाच्या खांबाला एरंडेल तेल लागतं, हाताला राळ लागते. मी एरंडेलाचं बिल लावलं तर लेखा विभागाने ‘हे क्रीडासाहित्य नव्हे’ असा शेरा मारून परत पाठवलं. तेलाविना कोरड्या खांबावर मुलांच्या मांड्या सोलून निघाल्या. शेवटी समितीकडून ‘सरावाचं किरकोळ साहित्य’ असा स्वतंत्र रकाना मंजूर करून घेतला आणि त्यात तेल, राळ, फक्की, सुतळी सगळं आलं. तुमच्या विद्यापीठात असा रकाना नसेल तर पहिली मागणी हीच करा. रक्कम छोटी असते, अडवणूक मोठी असते.

स्पर्धेला जायचा खर्च कोण देतं, आणि ऐनवेळी ‘पैसे संपले’ असं का सांगतात?

विद्यापीठ देतं. आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून विद्यापीठाचा संघ, मग आपल्याकडे पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा, तिथे वरचा क्रमांक आला तर अखिल भारतीय, आणि त्यातल्या अव्वल संघांना खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स, जे २०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झाले. यजमान दर हंगामात बदलतो. एका वर्षी स्पर्धा उज्जैनला असते, पहाटे बसने जाऊन पोचता येतं. पुढच्या वर्षी तीच मुंबईला किंवा राजस्थानच्या टोकाला असते. म्हणून संघवार प्रवासाची रक्कम आधी बांधून टाकली की कुणाकडे उरते आणि कुणाला कमी पडते. एकत्र निधी ठेवायचं मी वर म्हटलं ते यासाठीच.

पैसे संपतात कारण शरद ऋतूतले संघ आधी जाऊन येतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत ज्यांच्या स्पर्धा असतात त्यांच्या वाट्याला तळ उरतो. ॲथलेटिक्सच्या मुलांना एकदा असं सांगावं लागलं की दोघांनाच पाठवू शकतो. पात्र पाच जण होते. तेव्हापासून आम्ही निधीचा चाळीस टक्के भाग डिसेंबरनंतरच्या स्पर्धांसाठी कुलूपबंद ठेवायला लागलो.

जाताना एक करा : दैनिक भत्ता निघण्याआधी हातात मागा. ‘आल्यावर बिलं लावा’ म्हटलं तर ज्याच्या घरी ऐपत नाही ते पोर अवंतिका एक्सप्रेसमध्ये रात्री केळी खाऊन झोपतं आणि सकाळी सामना खेळतं. मी हे पाहिलं आहे.

किट वर्षाअखेरीस परत का घेतात?

अंगावरचे कपडे आणि बूट परत घेऊ नयेत. पॅड, हेल्मेट, भाले, गोळे, जाळ्या परत घ्याव्यात, नोंद करून.

आमच्या संघाला प्रशिक्षक नाही. क्रीडा अधिकारी एकटाच चौदा खेळ कसे शिकवणार?

नाही शिकवू शकत, आणि त्याने तसा आवही आणू नये. छोट्या विद्यापीठाला पूर्णवेळ प्रशिक्षक परवडत नाहीत. स्पर्धेआधी पंधरा-वीस दिवसांचं शिबिर घेऊन मानधनावर प्रशिक्षक बोलावता येतो. आपल्या शहरात जुने खेळाडू पुष्कळ आहेत आणि अनेक जण नुसतं सन्मानाने बोलावलं तरी येतात. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था १९५७ पासून शिक्षक घडवते आहे. तिथून शिकून आलेली मंडळी इंदुरातही आहेत. मानधन मात्र वेळेवर द्या. एकदा उशीर झाला की तो माणूस पुढच्या वर्षी येत नाही आणि ते संघाला भोवतं.

समारंभाचा मंडप मैदानावरच का घालतात?

कारण मोकळी जागा तीच. याला पूर्ण विरोध करून उपयोग होत नाही, अटी घालून होतो. आमच्याकडे एका समारंभानंतर बांबूंचे खड्डे वरवर माती लोटून बुजवले होते. तिसऱ्या दिवशी खो-खोची एक मुलगी धावता धावता त्यात पाय जाऊन पडली. घोट्याचं हाड मोडलं, तिचा तो हंगाम गेला. त्यानंतर आम्ही मंडपवाल्याकडून अनामत घ्यायला लागलो, आणि खड्डे धुमसून, पाणी मारून, रोलर फिरवल्यावरच ती परत. मैदान परत घेताना सही काकांची. काकांनी सही केली नाही तर अनामत परत मिळत नसे.

माजी विद्यार्थी फक्त आपल्याच खेळासाठी देणगी देतात. घ्यावी का?

घ्यावी, आभार मानून. पण समितीने आधीच ठरवावं की अशा देणगीतला काही भाग, समजा पाचवा हिस्सा, सामाईक निधीत जाईल, आणि हे देणगीदाराला आधी सांगावं. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. दुसरं म्हणजे, देणगी आली म्हणून त्या संघाचा नेहमीचा वाटा कापू नका. तसं केलं तर पुढच्या वर्षी कुणी देणार नाही.

नवीन संघ सुरू करायचा आहे. काय लागतं?

सही करणारी वीस नावं सहज मिळतात, पहाटे येणारी वीस मुलं मिळत नाहीत. म्हणून आम्ही एक वर्ष ‘मंडळ’ म्हणून चालवायला सांगत होतो : जागा देऊ, जुनं साहित्य देऊ, हजेरी ठेवा. वर्षभर टिकलं तर संघ. आमचा धनुर्विद्येचा संघ असाच तयार झाला, सहा मुलांपासून.

आणि एखादा संघ बंद करायची वेळ आली तर?

निदान एक पूर्ण वर्ष आधी सांगावं. ज्या मुलाने त्या खेळासाठी इथे प्रवेश घेतला आहे त्याला मध्येच वाऱ्यावर सोडणं हे कुठल्याही अंदाजपत्रकाने क्षम्य ठरत नाही.

हिशेब आम्हाला पाहायला मिळेल का?

मिळायला हवा. आम्ही दर सत्राच्या अखेरीस एक कागद सूचनाफलकावर लावत होतो : संघाचं नाव, खेळाडू किती, साहित्य किती रुपयांचं, प्रवास किती, मैदानाचे तास किती. तासांचा रकाना बघायला मुलं जास्त गर्दी करायची.

शासकीय विद्यापीठात माहिती अधिकार कायदा २००५ खाली अर्ज करता येतो. साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. खासगी विद्यापीठ असेल तर मध्यप्रदेशात त्यांच्यासाठी २००७ चा वेगळा कायदा आहे आणि भोपाळला निजी विश्वविद्यालय विनियामक आयोग आहे. पण आधी क्रीडा अधिकाऱ्याशी बोला. बहुतेक वेळा तोही तुमच्याइतकाच अडलेला असतो आणि तुमच्या लेखी अर्जाने त्याचाच हात बळकट होतो.

अर्ज कसा लिहावा?

‘आमच्यावर अन्याय होत आहे’ असं लिहिलेले अर्ज फायलीत जातात. मोजता येईल असं लिहा. उदाहरणार्थ : ‘आमच्या संघात १२ मुली आहेत. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात आम्हाला मैदान आठवड्यातून दोन दिवस, दुपारी ४ ते ५ मिळालं. याच काळात मुलांच्या संघाला पाच दिवस मिळालं. आमची स्पर्धा नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. तोपर्यंत आठवड्यातून चार दिवस, त्यातले दोन ५ ते ६ या वेळेत द्यावेत ही विनंती.’ खाली सगळ्यांच्या सह्या, हजेरीवहीच्या पानाची प्रत आणि क्रीडा शुल्काच्या पावतीची प्रत जोडा.

अर्ज दोन प्रतींत न्या. आवक विभागात द्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पुढची बैठक कधी आहे ते तिथेच विचारून त्याच प्रतीच्या मागे तारीख लिहून ठेवा.